पायाळू म्हणून सहा वर्षे

२ सप्टेंबर २००२, सोमवार

ही डायरी एका बियाणे कंपनीनं जानेवारीत फुकट वाटली होती. आतापर्यंत तिच्यावर चहाचा कप ठेवत आलो. आज मात्र डोकं असं फिरलंय की कुठंतरी ओतल्याशिवाय झोप लागायची नाही.

हॉलंडच्या संस्थेचा कागद आला. भूजलाचा मास्टर्स, दोन वर्षं, राहणं-खाणं सगळं त्यांचं. मार्क बसतात, वय यंदापुरतं बसतं. एकच गोष्ट बसत नाही. पाण्याच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव पाहिजे, आणि इथल्या भूजल सर्वे ऑफिसात माझी झालीत दोन. यंदा हुकलं की वय गेलं. मंग जन्मभर नवीन जालन्यातून निघायचं आणि लोकांच्या शेतात पाणी तपासायच्या तारा ओढत हिंडायचं!

टेकाळे सरांकडं गेलो. कॉलेजात भूगर्भशास्त्र त्यांनीच शिकवलं. ते म्हणाले, "ऑफिसच्या आधी पाण्याचं काही केलंस का रे मल्हारी?" मी हसतच बोललो, "केलं की सर. आठव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत पायाळू होतो."

हॉलंडवाल्यांना समजावून सांगावं लागेल, म्हणून इथंच लिहून बघतो. जे मूल जन्मताना डोक्याऐवजी पाय पुढं करून येतं, ते पायाळू. त्याच्या तळपायाला जमिनीखालचं पाणी कळतं, अशी आमच्याकडं समजूत. पुरलेलं धनही कळतं म्हणतात. म्हस्कूमामा मला अनवाणी गावोगाव न्यायचा, शेतातून चालवायचा. मी थांबलो तिथं लोक नारळ फोडून विहीर धरायचे.

सर खुर्चीतून उठले. "अरे गाढवा, हाच तर तुझा अनुभव! असा बायोडाटा अख्ख्या जगातून दुसरा यायचा नाही. सगळ्यात वर टाक."

५ सप्टेंबर, गुरुवार

वर टाक म्हणणं सोपं आहे. दोन दिवस झाले, एक ओळ जमत नाही. "दैवी शक्तीने पाणी दाखवणे" लिहिलं तर वेड्यात काढतील. "जलशोधक" लिहिलं तर नाटकी वाटतं.

आणि खरं सांगायचं तर मला कधी काही कळलंच नाही. मामा आधी उंबर बघायचा, वारूळ बघायचा, आजूबाजूच्या विहिरींत डोकावायचा आणि मंग खोकायचा. तो खोकला की मी थांबायचो. माझ्या तळपायाला सहा वर्षांत फक्त सराटे कळले.

हे सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सहायक लिही. सहायकाचं कामच ते." हे बराबर वाटलं. मी खोटं एक अक्षर लिहिणार नाही. माझ्यात तेवढाच एक गुण आहे आणि त्याचा मला माजही आहे.

आता एक अडचण. ज्यांच्याकडं काम केलं त्यांच्यापैकी एकाची तरी सही पाहिजे. मामा चालत नाही, तो नात्यातला.

८ सप्टेंबर, रविवार

मंठ्याहून पुढं आमच्या वस्तीवर जाऊन आलो. आई भाकरी थापत होती. मी बायोडाट्याचं सगळं सांगितलं तर तिचा हात थांबला.

"कुणाकुणाला सांगितलं?"

"सरांना. आता हॉलंडला कळवायचंय."

"हॉलंडला कळव. वडीगोद्रीकडं कळवू नको."

मला हसू आलं. वडीगोद्रीकडंच तर जायचंय. तिथं बद्रीनाथनानांची मोसंबीची बाग आहे आणि ती मी दाखवलेल्या विहिरीवर उभी आहे. एवढा मोठा माणूस सही करतो म्हणल्यावर हॉलंडवाल्यांची काय बिशाद!  आईची भाकर तव्यावर करपली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आसरा शिलाई मशीनवर बसून दात काढत होती. "दादा, तुझे पाय विमानात बसवतेत का मंग?" एकोणीस वर्षांची घोडी झाली पण चिडवायची सवय जात नाही. आमच्या आईनं हिचं नाव विहिरीवरच्या देवींचं ठेवलं. का, विचारलं की म्हणते, सुचलं.

या पोरीचे लाड मला कधीच समजले नाहीत. मी सराट्यातून अनवाणी हिंडलो आणि ही दारातसुद्धा चपलेशिवाय उतरायची नाही, आईचा कायदा! लहान असताना एकदा चपला टाकून पळाली आणि न्हाणीमागं उभी राहून म्हणाली, "माय, इथं डाव्या पायाला गार लागतंय खालून." आईनं तिच्या अशी मुस्काडात ठेवून दिली की पोरगी खाली बसली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. कधी नव्हं ते तिला मार बसला.

१५ सप्टेंबर, रविवार

परतूरकडच्या एका शेतकऱ्याकडं सहीला गेल्तो. त्याची विहीर चार वर्षांपासून कोरडी. मला ओळखलं आणि म्हणाला, "तूच का तो पायाळू? थांब, तुला त्याच विहिरीत उतरवतो." मी जल्दी निघालो.

खोलीवर आलो तर मामा पायरीवर बसलेला. वस्तीवरून एसटीनं एकटा आल्ता, या वयात. चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही.

"मल्हारी, पायाळू होतो असं बोलत हिंडू नको."

"का मामा? आपलं कामच होतं ते."

"तवा लोक पाणी खणत होते. आता दुसरंच खणून राह्यलेत."

म्हणजे काय, ते विचारलं तर म्हणाला, "तुला शिकवून आम्हीच चुकलो वाटतं." एवढं बोलून स्टँडकडं चालू पडला. म्हातारा झालाय. आपली लबाडी उघडी पडेल, खोकण्याची, याची भीती असणार दुसरं काय! मी त्याचं नाव कुठं येऊ देणार नाही, असं त्याला ओरडून सांगितलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नानांना भेटलो. काय माणूस आहे! मला बघताच झोपाळ्यावरून उठले, "अरे आमचा पायाळू आला," म्हणून मिठी मारली. जेवायला पुरण केलं. एवढा मान मला ऑफिसात दोन वर्षांत कुणी दिलेला नाही.

बाग हिंडवली. बागेमागं पांढर आहे, म्हणजे फार जुनं, उठून गेलेलं गाव. आता नुसता उंचवटा, राखेची माती आणि खापऱ्या. त्याच्या डोक्यावर ताडपत्री बांधून खणणं चाललंय. नाना म्हणाले, शेततळं. मी मनात हसलो. शेततळं उतारावर घेतात, उंचवट्यावर नाही. तिथं पाणी काय चढून जाणार आहे? सांगायचं ओठावर आल्तं, पण सही घ्यायची होती म्हणून गप्प बसलो. ताडपत्रीजवळ कपाळभर कुंकू लावून एक माणूस बसला होता. त्याला सगळे महाराज म्हणत होते.

जेवण झाल्यावर नानांनी परात मागवली आणि माझे पाय स्वतःच्या हातानं धुतले. मी लाजून अर्धा झालो. महाराज जवळ येऊन वाकून बघत होते. माझ्या डाव्या तळपायाला भाजल्याची खूण आहे. सहा वर्षांचा असताना मला कावीळ झाली म्हणून आईनं डाग दिल्ता. नानांचा अंगठा तिथं आला आणि थांबला.

"हे कवाचं?"

"लहानपणचं, नाना. काविळीचं."

महाराज सरळ उभे राहिले. "डागी हाय," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. नानांनी परात बाजूला सारली. हात पुसले. सहीचा कागद पुढं केला तर म्हणाले, "बघू. सर्वपित्री होऊ द्या."

म्हणजे सहा ऑक्टोबर. माझे कागद चारला कुरिअरमध्ये पडले नाहीत तर संपलं सगळं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

तीनदा फोन केला. नाना झोपलेत, नाना बागेत आहेत, नाना बाहेरगावी गेलेत. एका डागानं माझं हॉलंड अडलंय. आईचे ते गावठी उपचार! कावीळ झाली तर डॉक्टर नव्हता का?

२६ सप्टेंबर, गुरुवार

वस्तीवर गेलो ते भांडायलाच. पाय वर करून आईपुढं धरला. "हा डाग कशाला दिला माय?"

"काविळीचा हाय."

मामा ओसरीवर होता. तो म्हणाला, "सांग आता त्याला, अक्का. मोठा झालाय. न्हाईतर असाच हिंडंल."

आई मशीनकडं बघत बोलली. "तुला कधी कावीळ झाली न्हाई. तू पायाळूबी न्हाईस. ही हाय."

आसराचा पाय मशीनवर थांबला. तिलाही माहीत नव्हतं.

मंग तुकड्या-तुकड्यात निघालं. आसरा झाली तेव्हाच सुइणीनं गावभर करून टाकलं होतं की गोपिकाच्या, म्हणजे आईच्या, पोटी एक पायाळू हाय. लोक दारात येऊन राह्यले. तेव्हा मामानं सांगितलं, पायाळू ते थोरलं, पोरगं. आणि लोकांची खात्री पटावी म्हणून पुढं मला फिरवायला लागला. पण त्याआधी आईनं मला डाग दिला.

"मला का पण?"

"डागी पोराला कुणी दुसऱ्या कामाला नेत न्हाई."

"दुसरं कोणतं काम?"

आई चुलीतली लाकडं पुढं सारायला लागली. मीही परत विचारलं नाही, कारण माझं डोकं भलतीकडं धावत होतं. मी पायाळू नव्हतोच! म्हणजे बायोडाट्यातली सगळ्यात वरची ओळच खोटी. नानांच्या विहिरीवर मी जो मान खाल्ला तोही खोटा.

निघताना आईनं देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी पुढं केली. "उचल. हिचं नाव कुठं काढणार न्हाई म्हण." आमच्यात भंडारा उचलला की शब्द मोडत नाहीत. मी चिमूट उचलली आणि म्हणलं. तिची समजूत काढायला काय जातंय!

२९ सप्टेंबर, रविवार

झालं! सही झाली!

रात्रंदिवस विचार केला आणि ठरवलं, खरं बोलायचं. सर म्हणाले होतेच की खोट्यावर घेतलेली सही पुढं अंगाशी येते. आणि भंडारा म्हणजे काही कायदा नाही. माझ्या खरेपणापेक्षा आईची अंधश्रद्धा मोठी नाही.

नानांना म्हणलं, "नाना, मला माफ करा. मी पायाळू नव्हतो. नुसता मामाबरोबर फिरत होतो. पायाळू आमच्या घरात आहे, पण ती माझी बहीण."

मला वाटलं, आता हाकलतात. नाना झोपाळ्यावर हळूच सरळ बसले. पाय टेकवून झोका थांबवला. मंग हसले आणि म्हणाले, "आणा तो कागद." जागच्या जागी सही केली, शिक्का मागवून मारला. "सहा वर्षे सहायक म्हणून काम केले, काम समाधानकारक." काहीच खळखळ नाही.

वर इतकी आपुलकीनं चौकशी. काय नाव? किती वर्षांची? लग्न झालंय का?

"न्हाई नाना."

"अंगावर कुठं डागबीग?"

"बिलकुल न्हाई. माझ्या आईनं तिला काटासुद्धा टोचू दिला न्हाई."

महाराज पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसले. नाना म्हणाले, सर्वपित्रीला जीप पाठवतो, एका जागेला पाय लावून जाईल, साडीचोळी करू. मी वस्तीचा रस्ता कागदावर काढून दिला. इतकी वर्षं मान मी खाल्ला, आता ज्याचा त्याला मिळतोय. आईला राग येईल, पण दोन दिवसांचा.

३ ऑक्टोबर, गुरुवार

कागद कुरिअरमध्ये टाकले. अनुभव तीन वर्षं मागितला होता, माझा आता आठ होतो! सरांनी पाठीवर थाप मारली.

दुपारी आसराचा फोन, गावातल्या डब्यावरून.

"दादा, काल जीप आल्ती. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, नारळ ठेवून गेले. रविवारी न्यायला येतो म्हणले. सकाळपासून काही खाऊ नको म्हणले, आन् अनवाणी यायचं. तू काही बोलला का तिकडं?"

"थोडं बोललो. घाबरू नको, भली माणसं आहेत. आई काय म्हणते?"

"काहीच न्हाई.  इळा घासून राह्यली."

गवताला जायचं असेल, मी म्हणलं. फोन ठेवला. पण पाण्याची जागा बघायला उपाशी कशाला राहायचं? मी सहा वर्षं प्रत्येक शेतात पोटभर खाल्लंय.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

स्टँडवर. मंठ्याची गाडी लागत नाही. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितोय.

ऑफिसचा ड्रायव्हर धर्मराज वडीगोद्रीकडचा. जेवताना सहज म्हणाला, "सायेब, नानांच्या पांढरीत हंडा लागलाय म्हणे. हात घातला की खाली सरकून राह्यला. महाराज म्हणतेत, त्याला कुवार पायाळू पाह्यजे. बिनडागी."

"पाहिजे म्हणजे?"

"आता मी काय सांगू? तुम्ही शिकलेले."

शेततळं उंचवट्यावर. मी बघितलं होतं. मला दिसलं होतं आणि मी हसलो होतो. खंडोबा, आजची गाडी लवकर लाव.

५ ऑक्टोबर, शनिवार

काल दिवस मावळायला पोचलो. आईनं जीप आली त्याच दिवशी ठरवलं होतं. माझी वाट बघितली नाही, का बघावी?

आसरा ओसरीवर पडलेली. डावा पाय उशीवर, कोरफडीचा गर लावून फडकं बांधलेलं. मामानं धरलं, आईनं इळा तापवून लावला. मामा भिंतीकडं तोंड करून बसलाय, कालपासून तो वळलेला नाही.

मी आईच्या पायाशी बसलो. तिनं एकच विचारलं. "भंडारा उचलल्ता ना रे तू?"

मंग माझ्यापुढं ताट ठेवलं. ती बोलली असती, मारलं असतं तर बरं झालं असतं. 

आसरा म्हणाली, "मी ओरडली न्हाई दादा. पाय मीच पुढं केला." मला रडू कोसळलं तर उलट तीच माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसली.

आज सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. जमादारानं सगळं ऐकून घेतलं. "साडी दिली, नारळ दिला, न्यायला येतो म्हणले. ह्याच्यात कलम कोणतं लावू? आणि पोरीला भाजलं कुणी? आईनं? मंग लिहू का तिचं नाव?" मी उठून आलो.

६ ऑक्टोबर, रविवार, सर्वपित्री

जीप आली. नाना स्वतः, महाराज आणि दोन माणसं. दारात मी उभा राहिलो.  आईनं मला बाजूला केलं आणि म्हणाली, "या."

आसराला बाहेर आणली. नाना वाकले, फडकं सोडलं. जखम अजून ओली आहे. महाराजांनी बघितली आणि ते जीपमध्ये जाऊन बसले.  नानांनी फडकं परत नीट बांधलं, गाठ मारली. आईनं चहा दिला तो सगळा प्याले. लुगडं आईनं पुढं केलं, तर "असू द्या पोरीला," म्हणाले.

जाताना माझ्या खांद्यावर हात टाकून जीपपर्यंत घेऊन गेले.

"कागद गेला ना हॉलंडला?"

"गेला."

"चांगलं झालं. दिवाळीलाबी अमावस्या असती, मल्हारराव. तुमचं ऑफिस गावोगाव फिरतं. कुठं असलं एखादं पायाळू तर कळवा. तुम्ही माणूस खरा हाव, खोटं बोलत न्हाई."

मी "नाही" म्हणालो. ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक, जीप चालू झालेली होती. आता मला प्रत्येक गावात आधी तेच आठवणार की इथं कुणाच्या घरी कोण कसं जन्मलं, आणि त्यांना कुणी सावध केलं का. हॉलंडहून बोलावणं आलं तरी दिवाळीआधी मी इथून हलणार नाही. उद्यापासून सुट्टी टाकून त्या भागातल्या वस्त्या पालथ्या घालतो. ऐकून घेतील की मारतील, बघू.

जीप दिसेनाशी झाल्यावर आसरा भिंत धरून एका पायावर न्हाणीमागं गेली. मी मागं गेलो. तिनं फडकं सोडलं आणि दात आवळून डावा तळपाय मातीला टेकवला. बराच वेळ तशीच उभी होती.

"दादा, इथं गार लागायचं. मायला सांगत नव्हते, पण लपून चपला काढल्या की रोज लागायचं."

"आणि आता?"

"आता न्हाई लागत."

आईनं ते दारातून ऐकलं. "बरं झालं," म्हणाली. उंबऱ्याशी आसराच्या चपला होत्या, त्या तिनं उचलल्या आणि आत माळ्यावर टाकून दिल्या.